वीस मीटरच्या रेघा

कणकुंबीच्या दवाखान्यात, औषधांच्या कपाटामागं
नकाशा सापडला, गुंडाळी करून ठेवलेला.
कडा उंदरांनी कुरतडलेल्या, डोंगर मात्र शाबूत.
माझ्या आधीच्या कुणीतरी
एका काळ्या ठिपक्यात टाचणी रोवलेली.
शेजारी बारीक अक्षरांत: झोपड्या.
किती, ते नाही. पोरं किती, ते तर नाहीच.

मी अथणीची. माझ्या गावचा कागद मागवला
तर बहुतेक कोराच येईल,
उसातून एखादी तपकिरी रेघ आळसावून गेलेली.
इथं रेघांना दम घ्यायला जागा नाही.
माझ्या करंगळीच्या नखाखाली चौदा मावतात,
आणि दर रेघेला वीस मीटर चढ,
असं खाली छापलंय, सहज,
बाजारभाव सांगावा तसं.

पायवाट म्हणजे तुटक टाके.
आई चपलेच्या तळाला घालते तसलेच,
एक दिसणारा, एक चामड्यात बुडालेला.
दोरा लावून मोजली: नऊ सेंटिमीटर.
म्हणजे साडेचार किलोमीटर.
म्हणजे, मी हिशेब केला, दीड तास.
लसीच्या डब्यात बर्फाचे चार पॅक.
पुरे.

कोपऱ्यात तीन बाण. तिन्हींच्या टोकाला उत्तर:
एक खरी, एक चुंबकाची, एक चौकटींची.
तिन्हींत केसभर फरक.
तीन उत्तरं, आणि प्रश्न
कुठंच छापलेला नाही.

धाकलू झोरे मला न्यायला आला.
त्याच्यापुढं नकाशा पसरला, तर तो आधी
त्याला वळसा घालून आला, उजव्या अंगानं,
देवाला घालतात तसा,
आणि पलीकडं जाऊन बसला.
‘आमी ह्या अंगानं उतरतो,’ म्हणाला.
मग मीही उठून त्याच्या शेजारी गेले.
अक्षरं उलटी झाली,
डोंगर सुलटा.

‘ह्या तांबूस रेघा कसल्या, बाय?’
मी सांगितलं, समजा पाणी भरत आलं,
वीस मीटर, मग आणखी वीस,
तर दर वेळी काठ जिथं लागेल
तिथली ही खूण.
तो गप्प. मग त्याचं बोट
ठिपक्याखालच्या दोन रेघांवर येऊन थांबलं.
‘हितवर कदी भरनार?’
नाही हो, समजा म्हटलं मी.
‘मोजणीवालेबी समजाच म्हनले हुते,’
असं म्हणून त्यानं डबा खांद्याला अडकवला.

चाललो. चौदा रेघा नखाखालून निघाल्या
आणि गुडघ्यात शिरल्या.
टाक्यातला बुडालेला भाग खरंच बुडालेला होता,
डोक्याएवढ्या कारवीत.
रेघ, टिंब, रेघ अशी राज्याची हद्द
जिथं असायला हवी होती
तिथं म्हशी रवंथ करत बसल्या होत्या.
माझ्या फोननं गोव्यात स्वागत केलं.
दोन वळणं गेल्यावर कर्नाटकात.
धाकलूनं मागं न बघता विचारलं, ‘कुनाचा फोन?’

पोचायला तीन तास चाळीस मिनिटं.
डबा हलवून पाहिला: बर्फ अजून वाजत होता.
शेवटच्या पोराला दोन थेंब पाजले, तो रडला नाही,
त्यानं पॅकला गाल लावला
आणि मग रडला.

रात्री दवाखान्यात, कंदिलाजवळ नव्हे,
चार्जिंगच्या बॅटरीजवळ,
ठिपक्याशेजारी पेन्सिलनं लिहिलं:
घरं सात. पोरं अकरा. एक पोटात.
आंब्यापाशी पाणी आहे, निळी रेघ खोटी.
दोन रेघा खाली, बोट टेकलं होतं तिथं,
पेन्सिल बराच वेळ टेकवून ठेवली.
काही लिहिलं नाही.

जुनी टाचणी काढायला गेले,
डोकं तेवढं हातात आलं,
बाकीची राहिली तिथंच,
डोंगरात.